शेजाऱ्याच्या वायफायची कम्प्लेंट कुठे करायची?

मी नेटवर्किंगची कामं करतो. ऑफिसं, सोसायट्या, लॉज, मंगल कार्यालयं, जिथे वायफाय बसवायचं असेल तिथे शिडी घेऊन हजर. त्यामुळे एक प्रश्न मला सारखा येतो, आणि विचारणारा दर वेळी तेवढाच चिडलेला असतो: "अहो, शेजारच्यांचं वायफाय आमच्या बेडरूममध्ये इतकं फुल येतं की आमचंच चालत नाही, याची कम्प्लेंट कुठे करायची?" एका सोसायटीतल्या काकूंनी तर हा विषय एजीएममध्ये घ्या म्हणून सेक्रेटरींना रीतसर अर्ज दिला होता, आणि सेक्रेटरींनी तो घेतलाही होता अजेंड्यावर, पार्किंगच्या खाली.

उत्तर असं आहे की कुठेच नाही. पोलीस नाही, ट्राय नाही, महापालिका तर नाहीच. शेजाऱ्याचा राऊटर नियमात बसणारा असेल तर तुम्ही त्याचं काही करू शकत नाही आणि तो तुमचं काही करू शकत नाही. लोकांना हे ऐकून वाटतं की म्हणजे इथे कायदाच नाही, सगळा मोकळा कारभार आहे. तर तसं अजिबात नाहीये, उलट कायदा फार कडक आहे, फक्त तो तुमच्यावर नाही, तुमच्या डब्यावर, म्हणजे यंत्रावर आहे. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप कळतं.

आपल्याकडे १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा होता. आता २०२३ चा नवा टेलिकॉम कायदा आलाय, पण आज जी चौकट आहे ती त्या जुन्या कायद्याने घातलेली. त्यात सरळ म्हटलंय की लायसन्सशिवाय वायरलेस यंत्र जवळ बाळगणं हाच गुन्हा. वापरणं सोडा, जवळ ठेवणं! ज्यांच्या घरी जुनी कागदपत्रं आहेत त्यांनी शोधून बघा, आजोबांच्या ट्रंकेत रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक सापडेल, दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे, तिकिटं लावायची, वर शिक्का. साधा ऐकायचा रेडिओ, तो काही प्रसारण करत नव्हता, तरी लायसन्स. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. पण मूळ नियम तोच राहिला आणि त्याच कायद्यात पुढच्या कलमात सरकारला अधिकार दिलाय की अमुक यंत्रांना सूट देता येईल. आपण ज्याला लायसन्स-फ्री म्हणतो ती कायद्याच्या भाषेत ही सूट आहे, हक्क नाही. प्रत्येक सुटीची वेगळी अधिसूचना निघते, त्यात कुठला पट्टा, म्हणजे कुठून कुठपर्यंतची फ्रिक्वेन्सी, किती पॉवर, घरात का बाहेर, असं सगळं लिहिलेलं असतं.

आणि प्रत्येकीत एक वाक्य ठरलेलं: वापर सामायिक, कुणाला व्यत्यय आणायचा नाही, आणि तुम्हाला व्यत्यय आला तर संरक्षण मागायचं नाही. रेल्वेचा जनरल डबा समजा. तिकीट काढून चढा, पण अमुक सीट माझी म्हणून टीसीला बोलवता येत नाही. काकूंच्या अर्जाचं उत्तर त्या एका वाक्यात आहे.

या सुटींची यादी एकदा बसून वाचण्यासारखी आहे, मला तरी मजा येते. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास सिटिझन बँड आहे, तिथे ५ वॅटपर्यंत चालतं. ३३५ मेगाहर्ट्झपाशी चिमूटभर जागा फक्त क्रेनच्या रिमोटसाठी. ४०२ ते ४०५ मध्ये शरीरात बसवायची मेडिकल उपकरणं, पॉवर किती, तर २५ मायक्रोवॅट, म्हणजे जवळपास काहीच नाही. ८६५ पासून वरच्या पट्ट्यात आरएफआयडी, म्हणजे तुमचा फास्टॅग. काचेवरच्या त्या स्टिकरमध्ये बॅटरी नसते, टोल नाक्यावरचा रीडर जी लहर फेकतो तिच्यावरच तो जागा होतो आणि तीच लहर बदलून परत पाठवतो. खालापूरला रांगेत उभं राहून शिव्या घालणाऱ्या कुणालाच माहीत नसतं की आपण आत्ता लायसन्समुक्त स्पेक्ट्रम वापरतोय.

वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे घरात आणि बाहेर रीतसर मोकळा झाला जानेवारी २००५ मध्ये. यंत्राची पॉवर १ वॅट, अँटेना धरून ४ वॅट, अँटेना गच्चीपासून ५ मीटरपेक्षा उंच नको. आता हाच पट्टा का, हे मला सगळ्यात भारी वाटतं. १९४७ साली अटलांटिक सिटीला जी जागतिक रेडिओ परिषद झाली त्यात काही पट्टे कारखाने, विज्ञान आणि डॉक्टरी यंत्रांसाठी काढून ठेवले, म्हणजे जी यंत्रं रेडिओ लहरी वापरतात पण बोलण्यासाठी नाही, तापवण्याबिपवण्यासाठी. मायक्रोवेव्ह ओव्हन त्यातच बसला, २.४५ वर. साहजिकच तिथे इतका कचरा की संदेशवहनासाठी कुणाला ती जागा नकोच होती. मग १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे रेडिओ लहरींचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, तिथल्या मायकल मार्कस नावाच्या इंजिनियरच्या चिकाटीमुळे, ठरवलं की याच कचऱ्यात स्प्रेड स्पेक्ट्रम पद्धतीने, म्हणजे सिग्नल रुंद पसरून किंवा उड्या मारत, कुणालाही लायसन्सशिवाय बोलू द्या. त्याचा पहिला मोठा फायदा कुणी घेतला, तर कॅश रजिस्टर बनवणाऱ्या एनसीआर कंपनीने! दुकानातले गल्ले वायरशिवाय जोडायचे होते त्यांना. त्यांच्या हॉलंडमधल्या टीमचे व्हिक हेज पुढे वायफायच्या स्टँडर्ड कमिटीचे प्रमुख झाले आणि १९९७ मध्ये पहिलं स्टँडर्ड आलं. कोट्यवधींना विकलेल्या स्पेक्ट्रमपेक्षा जास्त उलाढाल या कुणालाच नको असलेल्या तुकड्यावर झाली असेल असं मला वाटतं, अर्थात मोजायला कोण बसलंय.

कचरा म्हणजे काय ते बघायचं असेल तर कुठल्याही ऑफिसच्या पँट्रीशेजारी दुपारी एकला हवेतल्या लहरी स्क्रीनवर दाखवणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लावा. आमच्या एका क्लायंटकडे रोज जेवणाच्या वेळी मीटिंग रूममधले कॉल तुटायचे आणि आयटीवाले आळीपाळीने आयएसपीला आणि मला फोन करायचे. स्क्रीनवर दिसायला फार सुंदर दिसतं ते, डबा आत गेला, बटण दाबलं की २.४ च्या वरच्या अर्ध्यात जाड धग उठते, पण सलग नाही, चालू-बंद चालू-बंद, कारण साध्या ओव्हनचा मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहर बनवणारा भाग, विजेच्या एका अर्ध्या फेरीतच लहर फेकतो, आपल्याकडे ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५० वेळा. मधल्या फटीत वायफायचं पॅकेट घुसलं तर घुसलं. ओव्हनविरुद्धही कम्प्लेंट नाही बरं का, त्या पट्ट्यातला मूळ मालक तोच, आपण नंतर आलेले. मीटिंग रूम ५ गिगाहर्ट्झवर नेली, विषय संपला.

सोसायट्यांमध्ये मात्र ओव्हनपेक्षा माणसांचा त्रास जास्त. २.४ मध्ये आपल्याकडे १३ चॅनल दिसतात पण एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. कारण चॅनल ५-५ मेगाहर्ट्झवर आखलेत आणि वायफायला लागतात साधारण २०. आता कुणीतरी यूट्यूबवर बघतो की "गर्दी नसलेलं चॅनल निवडा", आणि ठेवतो ३ वर. त्याला वाटतं आपण हुशार. होतं असं की वायफायमध्ये बोलण्याआधी ऐकायची पद्धत आहे, दोन राऊटर एकाच चॅनलवर असले तर त्यांना एकमेकांची भाषा कळते आणि ते पाळीपाळीने बोलतात, हळू पण नीट. हा ३ वाला ना १ वाल्यांना कळत ना ६ वाल्यांना, दोघांसाठीही तो नुसता गोंगाट, आणि त्याच्यासाठी ते. त्यात कुणी ४० मेगाहर्ट्झची रुंदी लावून ठेवली की मग बघायलाच नको. काकूंच्या बिल्डिंगमध्ये नेमकं हेच होतं, त्यांचाच राऊटर ३ वर होता, मुलाने अमेरिकेतून रिमोटली सेट करून दिलेला. मी ११ केलं. अजेंड्यावरचा विषय तरीही झाला, अर्धा तास.

ऐकून मग बोलणे, उड्या मारणे, कमी आवाजात बोलणे, हे सगळे शिष्टाचार यंत्रात बसवलेले आहेत. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा चॅनल बदलतं, ७९ चॅनलमध्ये, आणि जिथे वायफाय बसलंय ती टाळायला पण शिकलंय. लायसन्सच्या जगात माणूस परीक्षा देतो, फी भरतो, नियम तोडला तर नोटीस येते. इथे ती जबाबदारी फॅक्टरीत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यावर ढकललेली आहे. आपल्याकडे म्हणूनच प्रत्येक मॉडेलला डब्ल्यूपीसीची, म्हणजे दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची ईटीए, म्हणजे यंत्राच्या प्रकाराची मान्यता लागते, आणि हल्ली बऱ्याचशा गोष्टींना ती 'सरळ संचार' नावाच्या सरकारी पोर्टलवर स्वतः घोषित करून मिळते. माझ्या मते पद्धत बरोबरच आहे. पण मग दुकानात जे विकलं जातं त्यावर कुणाची नजर पाहिजे ना, नाहीतर सगळा डोलाराच पडतो.

पडतो म्हणजे कसा, त्याची गोष्ट. ५ गिगाहर्ट्झमध्ये मधला एक मोठा भाग रडारबरोबर वाटून घ्यायचा असतो, त्यात हवामानाचे रडारही आले. राऊटरने त्या चॅनलवर जायच्या आधी मिनिटभर गप्प ऐकायचं, रडार दिसलं तर जायचं नाही, आणि चालू असताना दिसलं तर १० सेकंदात बाहेर पडायचं नि अर्धा तास परत फिरकायचं नाही. तुमचं ५ गिगाहर्ट्झ कधी कधी राऊटर रीस्टार्ट केल्यावर उशिरा दिसतं ते यामुळे, राऊटर खराब नाहीये. तर २००९ च्या सुमारास पोर्टो रिकोत सॅन हुआन विमानतळाजवळच्या हवामान रडारवर रेघा उमटायला लागल्या. वैमानिकांना उतरताना वाऱ्याचे अचानक झटके कळावेत म्हणून असलेलं रडार ते. शोधल्यावर निघालं की आसपासच्या वायरलेस इंटरनेटवाल्यांनी टॉवरवर जी यंत्रं लावलीत त्यात हे रडार ऐकणं बंद आहे, किंवा सेटिंगमध्ये देश भलताच निवडलाय. एफसीसीने दंड केले, तंत्र सुधारलं, तरी तक्रारी बरीच वर्षं चालू होत्या. मुंबईत वेरावलीला २०२२ पासून सी-बँडचं, म्हणजे याच ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचं डॉप्लर रडार आहे, पावसाळ्यात ज्याची चित्रं तुम्ही ग्रुपवर फॉरवर्ड करता त्यातली काही तिथली. तेव्हा राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन "यूएसए केलं की रेंज वाढते" हा सल्ला देणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

देश बदलण्याचा दुसरा प्रकार म्हणजे बॅगेतून येणारा. न्यू जर्सीहून येणारी मावशी, कॅलिफोर्नियातला भाऊ, सगळे प्रेमाने काहीतरी आणतात. तिकडे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ मोकळं आहे, तिकडचे जुने कॉर्डलेस फोन, बेबी मॉनिटर, हल्लीचे लोराचे, म्हणजे थोडासा डेटा लांबवर पाठवणारे बोर्ड तिथे चालतात. आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये मोबाईल टॉवरशी बोलतात. म्हणजे तुमच्या हॉलमधलं ते खेळणं थेट टॉवरच्या कानात बसून बोलतं, आणि परिसरातले लोक कंपनीला शिव्या घालतात की रेंज नाही. तसंच अमेरिकेतले ते रंगीत वॉकीटॉकी, ४६२ आणि ४६७ च्या आसपासचे, तिकडे मुलं खेळतात त्याने, इकडे तो पट्टा मोकळा नाही. आपल्याकडे २०१८ च्या नियमांनी ४४६ ते ४४६.२ दिलाय. इतकं जवळ, पण नाही.

वॉकीटॉकीचं प्रकरण सह्याद्रीत फिरणाऱ्यांना सांगायला पाहिजे. हल्ली प्रत्येक मोठ्या ट्रेक ग्रुपच्या लीडच्या कमरेला तो काळा चायनीज सेट असतो, ५ वॅटचा, पट्टा जवळजवळ १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० पर्यंत कुठेही लावता येतो. ऑनलाइन मागवला, दोन दिवसात आला, डब्यावर कुठेही लायसन्सबद्दल अक्षर नाही. कड्याखाली नेटवर्क नसतं, मागचा माणूस पुढे कळत नाही, गरज खरी आहे हे मला मान्य. पण हा सेट कुठल्याही सुटीत बसत नाही, आणि तो पोलिसांच्या, रेल्वेच्या, विमानतळाच्या कुठल्याही कामाच्या फ्रिक्वेन्सीवर जाऊन बोलू शकतो, त्याला कुणी अडवत नाही कारण तो राऊटरसारखा शहाणा नाही, नुसता आज्ञाधारक आहे. मे २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ई-कॉमर्स कंपन्यांना यावरून नोटिसा काढल्या आणि महिनाअखेरीला नियमावलीच आणली, की फ्रिक्वेन्सी लिहा, लायसन्स लागतं का ते लिहा, ईटीए दाखवा. मला विचाराल तर हे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं, कारण सगळी पद्धतच दुकानाच्या काउंटरवर उभी आहे. ट्रेकवाल्यांनी ४४६ चा मान्यता असलेला सेट घ्यावा, रेंज कमी मिळेल पण एका घळीत पुरतं. नाहीतर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा द्यावी, VU ने सुरू होणारी स्वतःची कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, मिळते आणि नादही चांगला आहे, मात्र ती हॅमशी बोलण्यासाठी, ग्रुपमधल्या बाकी तीस जणांच्या हातात सेट देण्यासाठी नाही.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, त्या फक्त ऐकतात, बोलत काहीच नाहीत. जागा निवडताना आसपास रेडिओची शांतता आहे हे एक मोठं कारण होतं. त्यांना मोबाईल टॉवरवाल्यांशी बोलून तोडगा काढता येतो, टॉवरला मालक असतो, पत्ता असतो. घराघरातल्या लायसन्समुक्त डब्यांचं काय करणार, कुणाला पत्र लिहिणार? तिथे उपाय एकच, विकतानाच पॉवर कमी असणं.

आता एवढं वाचून वाटेल की मी मोकळ्या स्पेक्ट्रमच्या विरोधात आहे, तर उलट आहे. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या २५ गावांत ५.८ गिगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यावर इंटरनेट पोचवलं, जिथे फायबर आलं होतं तिथून पुढच्या पाड्यांपर्यंत हवेतून. २०१७ मध्ये त्याला मोझिलाचं सव्वा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. कुठल्याही मोबाईल कंपनीला त्या पाड्यात टॉवर परवडला नसता आणि लिलावातला स्पेक्ट्रम तर कुणालाच नाही. गंमत म्हणजे तेव्हा घराबाहेर वापरायला ५ गिगाहर्ट्झमध्ये ५० मेगाहर्ट्झच मोकळे होते, ५८२५ ते ५८७५. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ते एकदम ६०५ मेगाहर्ट्झ झाले, बाहेरसुद्धा. माझा धंदा खऱ्या अर्थाने तिथून बदलला.

आता भांडण ६ गिगाहर्ट्झवर आहे. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ असे सगळे १२०० मेगाहर्ट्झ वायफायला देऊन टाकले. आपल्याकडे टेलिकॉम कंपन्यांची संघटना म्हणत होती सगळा पट्टा मोबाईलला ठेवा, आम्ही पैसे देऊन घेऊ, टेक कंपन्या म्हणत होत्या मोकळा करा, आणि या ओढाताणीत नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो हा गेमिंग कन्सोल जगभर आला तेव्हा भारतात आलाच नाही, कारण त्यातलं वायफाय ६ गिगाहर्ट्झ वापरतं आणि इथे परवानगी नव्हती. मंत्रालयाच्या फायली हलत नसतील पण गेमर पोरांनी ट्विटर हलवलं होतं तेव्हा. शेवटी मे २०२५ मध्ये खालच्या ५०० मेगाहर्ट्झचा, ५९२५ ते ६४२५ चा, मसुदा निघाला.

त्या मसुद्यातल्या अटी वाचल्या की कळतं भीती कशाची आहे. घरात कमी पॉवर, बाहेर अगदीच कमी. तेलाच्या प्लॅटफॉर्मवर नाही, गाडीत नाही, बोटीत नाही, विमानात नाही, पण १०,००० फुटांच्या वर विमानात चालेल. ड्रोन चालवायला नाही. कारण याच पट्ट्यात जमिनीवरून उपग्रहाकडे सिग्नल जातो, केबलवाल्याच्या मोठ्या डिशवर जे चॅनल उतरतात ते वर चढतात इथून. एका राऊटरने ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाला ढिम्म फरक पडत नाही, पण तो एका वेळी अख्खा देश ऐकतो, आणि कोट्यवधी राऊटर छताखाली न राहता गच्च्यांवर आले तर त्यांची बेरीज त्याला ऐकू येईल. भिंत आणि स्लॅब हेच इथे नियमन आहे, हे मला पटतं.

वरच्या ७०० मेगाहर्ट्झबद्दल टेलिकॉम कंपन्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, त्यांना पुढच्या पिढीला सलग मोठे तुकडे लागणार आहेत. पण ज्या घरात वायफाय आहे तिथे मोबाईलचा बराच डेटा शेवटी त्यावरूनच जातो, तेव्हा लिलावाची घाई करायची काय गरज आहे ते मला कळत नाही. तोवर ज्यांना वायफाय ७ चा राऊटर घ्यायचाय त्यांना एकच विनंती, खोक्यावर ७ आकडा आहे म्हणून ६ गिगाहर्ट्झ आत आहेच असं धरू नका, इथे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये २.४ आणि ५ एवढेच दोन रेडिओ असतात. स्पेसिफिकेशनमध्ये ट्राय-बँड लिहिलंय का बघा, आणि लिहिलं असेल तर तिसरा बँड कुठला तेही, कारण काही जण ५ चेच दोन करून तीन म्हणतात.